मुनाकाताचं बेट आणि आमचं खडप

मी मराठी शिकले ती पत्रकांवरून. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत मराठी मुलं बरीच होती, पण शाळेच्या बसमध्ये चढली की सगळी इंग्रजीत बोलायची आणि घरी आईबाबांनी मराठीत विचारलं तर अडखळत, अर्धं हिंदी मिसळून उत्तर द्यायची. माझं वेगळं होतं. बाबा कोकणातून मस्कतला आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. तरुणपणी ते ज्या चळवळीत होते तिची ती पत्रकं आणि पातळ पुस्तिका: हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, पाणवठ्यावरच्या हक्कासाठी. कागद पिवळा पडलेला, पिना गंजलेल्या. शुक्रवारी वर्कशॉपला सुट्टी असायची. चहा झाला की बाबा एखादं पत्रक काढून माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. त्याचा परिणाम असा झाला की लहानपणी मला दूध नको असलं तर मी "या सक्तीचा मी जाहीर निषेध करते" असं म्हणायचे. आई म्हणायची, "निषेध कर, पन पेलो रिकामो कर." माझं नावसुद्धा ट्रंकेतूनच आलेलं. समता.

पस्तिशीच्या अलीकडे आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. पण ती इमारत आता उभी नाही, आणि तिच्यातली माणसं तीन-चार देशांत पांगली आहेत. जे बसून लिहायचं ते अजून कानात आवाज आहेत तोवरच लिहावं, असं वाटतं.

आवाज म्हणजे पहिला हातोड्याचा. आमच्या खिडकीखाली गाड्यांच्या वर्कशॉपची रांग होती आणि सकाळपासून कुणीतरी चेपलेला पत्रा ठोकून सरळ करत असायचं. बाबा त्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे फोरमन होते, आणि आई नुसत्या ठोक्यावरून सांगायची की हा तुझ्या बाबांचा हात आहे की नवीन आलेल्या माणसाचा. मग अजान. मग एसीचं पाणी बादलीत ठिबकण्याचा आवाज, जो इतका सवयीचा होता की बंद झाला तर आम्ही दचकायचो. आणि शुक्रवारी हसनमामांचा हॉर्न. हसनमामा रत्नागिरीकडचे, किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याच्या बाजारातून पिकअपमध्ये बर्फ घालून मासळी आणायचे. "यल्ला वहिनी, बांगडा खलास झाला की मग ओरडायचं नाही हां!" असं ते खालून ओरडायचे, आणि आई वरून, "मगे कालचो बांगडो आजचो म्हनान कोन इकता?" असं विचारत पायऱ्या उतरायची.

घरात देव नव्हते. ती बाबांची लग्नाआधीची अट होती आणि आईने ती मान्य केली होती. फक्त फ्रिजवर एक नारळ असायचा. तो खवला जायचा नाही. गावाकडे मासेमारीचा हंगाम सुरू झाला की तो उतरायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. बाबा त्याला किराणा समजायचे. मीही.

साचिको-सान आमच्या घरात आल्या त्या वासाच्या मागोमाग. त्यांचे यजमान मोरिता-सान जपानी गाड्यांचं काम शिकवायला जपानहून बाबांच्या वर्कशॉपमध्ये आले होते. अशी माणसं सहसा आमच्या भागात राहत नाहीत, पण मोरिता-सानना गाडी चालवण्याचा कंटाळा होता आणि कामावर चालत जायचं होतं. त्यामुळे ते आमच्या वरच्या मजल्यावर. त्या दिवशी आई बांगड्याचं तिखलं करत होती. तिरफळं ठेचून घातली आणि पाचव्या मिनिटाला दारावर टकटक. दारात एक बुटकी, केस बारीक कापलेली बाई. तिने आधी वाकून नमस्कार केला, मग नाक वर करून सरळ स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "सान्शो! सान्शो!" आईने तळहातावर एक तिरफळ ठेवून दाखवलं. तिने ते हुंगलं, चावलं, जीभ बधिर झाली तशी डोळे मिटले आणि हसायला लागली. त्यांच्याकडे सान्शो नावाचं असंच फळ असतं, याच्याच कुळातलं, आणि मस्कतच्या एकाही दुकानात तिला ते सापडलं नव्हतं. आईने तिला पुडीच बांधून दिली. दुसऱ्या दिवसापासून ती आईची साचीताय झाली. आणि मी आईला जी हाक मारते तेच तिचं नाव असावं अशा समजुतीने, त्याला जपानी आदराचा 'सान' जोडून, साचिको-सान आईला "आई-सान" म्हणायला लागल्या. ते कुणी दुरुस्त केलं नाही.

दोघींमध्ये भाषा नव्हती, मासे होते. साचिको-सान सुरमईचे पातळ काप करून कच्चेच खायच्या. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कानात म्हणाली, "गॅस संपलो काय गो तिचो?" पुढे मात्र ती त्या कापांवर लिंबू पिळून दोन-तीन खायची आणि वर घोटभर सोलकढी प्यायची, पोटातल्या पोटात शिजतील म्हणून. संध्याकाळी दोघी आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायच्या, मध्ये मी. साचिको-सानचं मोडकं इंग्रजी मी मराठीत करायचं, आईचं मालवणी इंग्रजीत. मला दुभाषी असल्याचा फार गर्व होता.

अशाच संध्याकाळी मला मुनाकाता कळलं. जपानच्या दक्षिणेकडे, समुद्राच्या काठचं ते शहर. शहरात एक पुरातन देऊळ आहे, समुद्रात थोडं आत ओशिमा नावाच्या बेटावर दुसरं, आणि फार दूर, उघड्या समुद्रात, ओकिनोशिमा बेटावर तिसरं. तिन्ही देवळांत तीन देवी, सख्ख्या बहिणी. वाट चुकू नये म्हणून जुने खलाशी त्यांची प्रार्थना करायचे. आता लोक नवी गाडी घेतली की तिथून रेशमी पिशवीतला ताईत आणतात. मोरिता-सानच्या गाडीत तसा एक लटकत असायचा. गिऱ्हाइकांच्या गाड्यांची लिंबू-मिरची काढून टाकणारे आमचे बाबा त्यांना म्हणाले, "मोरिता-सान, तुम्ही इंजिनिअर, आणि हे?" मोरिता-सान गंभीरपणे म्हणाले, "सासूने दिलाय. काढला तर अपघात नक्की होईल. घरात." बाबा त्यावर इतके हसले की त्या गाडीपुरता त्यांनी विवेकवाद बाजूला ठेवला.

साचिको-सान ओशिमावर वाढलेल्या, कोळ्याच्या घरात. शरद ऋतूत एकदा दूरच्या बेटावरची बहीण होडीतून निघते, ओशिमावरच्या बहिणीला बरोबर घेते आणि दोघी शहरातल्या तिसरीला भेटायला जातात. सगळे कोळी आपापल्या होड्यांवर रंगीत पताका लावून त्यांना पोचवतात. हे ऐकताना आईचे डोळे चमकायचे. "वर्साक एकदा भेटतत तीनव भयनी," ती म्हणायची. आम्ही गावाला दोन वर्षांतून एकदा जायचो.

मग एकदा साचिको-सान सहज म्हणाल्या की त्या दूरच्या बेटावर बाईला पाऊल ठेवता येत नाही. पुरुष जातात तेसुद्धा ठरलेल्या दिवशी, आधी उघड्या अंगाने समुद्रात बुडी मारून. तिथली गवताची काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. आणि तिथे काय पाहिलं ते कुणाला सांगायचं नाही. ओशिमाच्या उत्तर टोकाला एक लहान देऊळ आहे, तिथे उभं राहून बायकांनी लांबूनच हात जोडायचे. हवा स्वच्छ असली तर क्षितिजावर बेट दिसतं.

माझ्या डोक्यात ट्रंक उघडली. देवी बाई, तिचं बेट, आणि बाईलाच बंदी! मराठी मंडळाचा महिला दिनाचा कार्यक्रम जवळ आला होता आणि मोठ्या गटाच्या वक्तृत्वाचा विषय होता, 'जगातील स्त्री'. मी एका बैठकीत भाषण लिहून काढलं. बंधू-भगिनींनो, किती काळ? असं त्याचं पहिलं वाक्य होतं. मुनाकातावर तीन परिच्छेद, आणि मग वळण. कारण तसंच एक खडप, म्हणजे समुद्रातला उघडा खडक, आमच्याही गावासमोर होतं. मोठ्या ओहोटीला चालत जाता येईल इतकं जवळ, आणि त्याच्यावर दगडी घुमटीत एक देवी, जिला सगळे नुसतं 'बाय' म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला पुरुष तिला नारळ आणि नवं लुगडं घेऊन जातात. बाई गेली तर मासळी उठून दुसरीकडे जाते, असं मानतात. जपानकडे बोट दाखवणाऱ्यांनो, आधी आपल्या खडपाकडे पाहा, असा मी शेवट केला होता.

भाषणं आधी दाखवायची असत. ती पाहायचे परबकाका, मंडळाचे चिटणीस आणि आईच्याच गावचे. मस्कतबाहेर निझवाच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, मनाने उदार माणूस, कुणाचं आजारपण असलं की पहिले धावणारे. त्यांनी माझे कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेस्ट लिहिलंस. आता ह्यातला जपान ठेव आणि कोकण काढ."

"का, काका?"

"अगं, सगळे मोबाइलवर शूटिंग करतात. इथं तू बोललीस की जेवणाआधी गावच्या ग्रुपवर. आणि खडपावर नारळ न्यायचा मान कुणाच्या घराकडे आहे? तुझ्या सख्ख्या मामाच्या. त्याच्या पोरीचं लग्न मे महिन्यात. तुझी आई कुठल्या तोंडाने जाणार माहेरी?" मग समजावणीच्या सुरात, "जपानाक किती झोडूचा तितक्या झोड. जपानी कोन बसलेत हंय?"

"पहिल्या रांगेत बसणार आहेत," मी म्हटलं. "आईने बोलावलंय."

घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते उसळतील. ते बराच वेळ बोटांवरचा रंग थिनरने पुसत राहिले आणि म्हणाले, "तू लिहिलंयस ते खरं आहे. पण माहेर माझं नाही, तुझंही नाही. आईला विचार." ट्रंकेतल्या एकाही पत्रकात असं वाक्य नव्हतं. मी चिडले. तत्त्वाला माहेर असतं का, असं काहीतरी बोलले. मला अजूनही वाटतं की नसतं. पण ते माहेर जिचं होतं तिला मी अजून विचारलं नव्हतं, हेही खरं.

आई नारळ खवत होती. तिने सगळं ऐकलं. रागावली नाही, मोडता घातला नाही. म्हणाली, "जिच्या बेटाचा लिवलंस, तिका आदी वाचून दाखव. मगे बगू."

साचिको-सान आल्या. मी जमिनीवर बसून इंग्रजीत वाचलं, हातवारे करून. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "एक चूक आहे. तू लिहिलंयस, त्या बिचाऱ्या बायका किनाऱ्यावर मूकपणे उभ्या राहतात." त्या हसायला लागल्या. "मूकपणे! माझी आई? तिथे वारा इतका असतो की घरी जे बोलता येत नाही ते बायका तिथे जाऊन ओरडतात. भाताचे गोळे नेतात. माझी मावशी तर देवीशीच भांडायची, माझ्या नवऱ्याला सारखं बोलावतेस, कधीतरी मलाही बोलाव की, म्हणून. बिचाऱ्या हा शब्द काढ. राग राहू दे. तो बरोबर आहे."

"तुम्हाला जावंसं वाटायचं?" मी विचारलं.

"अजून वाटतं," त्या म्हणाल्या. "लहान असताना वडिलांना विचारायचे, तिथे काय आहे? ते म्हणायचे, सांगायचं नसतं. आता ते म्हातारे झालेत. होडी विकणार आहेत. मला वाटतं, ते न सांगताच जातील."

मी हे मराठीत केलं. आईची खवणी थांबली. तिने हात पदराला पुसले आणि साचिको-सानकडे बघत मला म्हणाली, "सांग तिका. मी गेल्लंय."

"कुठे?"

"खडपार. तू सांग तिका."

मी साचिको-सानकडे वळले. "माय मदर सेज..." म्हटलं आणि पुढचं वाक्य मला बोलता येईना. माझं भाषण मांडीवर होतं. साचिको-सान माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि बाहेर हातोडा चालू होता. शेवटी मी ते इंग्रजीत म्हटलं, आणि म्हणताना मलाही ते पहिल्यांदा ऐकू आलं.

मग आई सांगत गेली आणि मी मागून. ती तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. नारळाचा मान तेव्हा तिच्या वडिलांकडे. पुरुष लुगडं घेऊन जायचे ते तिने दरवर्षी पाहिलं होतं, आणि एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. "बायचा जुना लुगडा सोडून नवा कोन नेसयता? सगळे बापयेच मां? तिका लाज नाय वाटाची?" घरात विचारलं तर थोबाडीत बसली. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला, दुपारी सगळे झोपलेले असताना, चपला पुळणीवर काढून ती गेली. खडकाला चिकटलेल्या कालवांनी पाय कापले. पोचली. परत आली.

साचिको-सान गुडघ्यांवर पुढे सरकल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. "आई-सान, काय होतं तिथे?"

हे मला भाषांतरित करावं लागलं नाही. आईने त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "तां सांगूचा नसता." त्यांनाही ते भाषांतराशिवाय कळलं. दोघी आधी हसल्या, मग साचिको-सान थोडं रडल्या.

त्या गेल्यावर मी आईच्या मागेच लागले. याहून मोठा पुरावा कुठला? हे भाषणात हवंच. आईने कढीला फोडणी दिली आणि म्हणाली, "ह्या तुझा नाय. तू तुझा बोल. कोकण गाळू नको, भिऊ नको. तुझ्या मामाचा काय व्हयत तां मी बघीन. पन माझा माझ्याकडे रवांदे." मी शब्द दिला. बाबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. "मला इतक्या वर्षांत बोलली नाहीस?" ते म्हणाले. आई म्हणाली, "तुमी लगेच पत्रक काढलां असतां."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात साबुदाणा वड्यांचा वास होता. साचिको-सान आईची हिरवी साडी नेसून पहिल्या रांगेत, शेजारी मोरिता-सान. मी बोलले, कोकणासकट, 'बिचाऱ्या' वगळून. जपानच्या भागाला जोरात टाळ्या. खडपाशी आले तशा त्या विरळ झाल्या, आणि शेवटी फक्त बाबा आणि मोरिता-सान वाजवत होते. मोरिता-सानना एक शब्दही कळलेला नव्हता.

परबकाका माइकपाशी आले. आवाज चढवला नाही. "भाषण उत्तम. पण समता बेटा, पुस्तकातून बोलणं सोपं असतं. आमच्या गावात आजवर एकही बाई तिकडे गेलेली नाही. का? बंदी आहे म्हणून नाही. मासळी उठली तर गाव जेवणार काय, ही काळजी बाईलाच जास्त असते. एक तरी गेलेली दाखव."

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण मी आईला शब्द दिला होता. मी समोर न बघता लाकडी फरशीकडे बघत होते.

"मी गेल्लंय," आईचा आवाज आला. ती बसल्या जागेवरूनच बोलली, मांडीवर वड्याची प्लेट होती. "आनि परबानु, मासळी उठाक नाय. त्या वर्सा तारली इतकी गावली की लोकांनी शेतात खत घातली. आठावता? तुमच्याच कुनग्यात घातलेली."

परबकाकांनी चष्मा काढला. त्यांना आठवत होतं, हे सगळ्यांना दिसलं. त्या वर्षीचा तो वास म्हणे गावातून पावसापर्यंत गेला नव्हता. मागच्या रांगेतून कुणीतरी खुसखुसलं, मग दोन-चार बायका मोठ्याने हसल्या. काका माइक विसरून, अगदी गावातल्यासारखे म्हणाले, "म्हंजे तू... मगे थंय काय बगलंस गो?"

"तां सांगूचा नसता," आई म्हणाली आणि वडा चटणीत बुडवला. टाळी वाजली ती साचिको-सानची. तेवढं मराठी त्यांना येत होतं.

बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळालं. शूटिंग जेवणाआधी गावात पोचलं.

मामाचा फोन आला नाही. दर शुक्रवारी यायचा, तो आला नाही, पुढच्या शुक्रवारीही नाही. इतरांकडून कळलं की गावात बैठक झाली आणि नारळाचा मान मामाच्या घरातून काढून दुसरीकडे दिला.  आई मासळी घ्यायला खाली उतरायची, हसनमामांशी भांडायची, पण फ्रिजवरचा नारळ पुसताना तिचा हात त्याच्यावर थोडा जास्त वेळ राहायचा. आता मला तो किराणा वाटत नव्हता. मी बरोबर बोलले होते यात मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण त्याची किंमत आई मोजत होती, आणि हे कसं सोसायचं ते मला कुठल्याच पुस्तिकेने शिकवलेलं नव्हतं.

परवा साचिको-सानचा निरोप आला. त्या आता मुनाकाताला राहतात. वडील गेले, न सांगताच. ते बेट आता जागतिक वारसा यादीत आहे आणि हल्ली पुजाऱ्यांशिवाय पुरुषांनाही तिथे उतरू देत नाहीत. "आई-सानला सांग," त्यांनी लिहिलं होतं, "आता इकडचे सगळे पुरुष बायका झालेत. टोकावरच्या देवळापाशी फार गर्दी होते." आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मगे तेंकाय भाताचे गोळे न्हेवक सांग." मी अशा बंद्यांविरुद्ध लिहीतच असते, माझ्या पत्रकांच्या पिना अजून गंजलेल्या नाहीत. आमच्या खडपावर अजून बायका जात नाहीत. निदान सांगून तरी जात नाहीत.

मामाचा फोन आला तो त्या भाषणाच्याच वर्षी, एप्रिल सरताना, भर दुपारी. आई बांगडे साफ करत होती, हात खवल्यांनी भरलेले, म्हणून मी मोबाइल तिच्या कानापाशी धरला. पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला, तो पुळणीवर उभा असणार. मग मामा म्हणाला, "मान गेलो." आई म्हणाली, "आयकलंय." आईने हातातला बांगडा खाली ठेवला. मग मामाने खालच्या आवाजात, कुणी ऐकणार नाही अशा बेताने विचारलं, "बाय, तू थंय काय बगलंस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू वर्सावर्सान जातंस," ती म्हणाली. "तू काय बगतंस, तां आदी सांग."

पलीकडे वारा. मग मामा हसला. माझ्या जन्मापासून त्याला असं हसताना मी ऐकलं नव्हतं, आणि आईही हसायला लागली, माशांचे हात तसेच धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोघांनीही सांगितलं नाही.

"बरां, तां रवांदे," मामा म्हणाला. "लग्नाक कधी येतंस, तां सांग."